भुयारातून वर आलेला चंद्र

फेब्रुवारी १९६१ संपत आला होता. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर 'देअर्ज अ मून आउट टुनाइट' हे गाणं होतं आणि ते गाणाऱ्या पाच मुलांचं नाव होतं 'द कॅप्रीज'. देशभरातल्या रेडिओ केंद्रांना आणि दुकानदारांना ते ताजं, नव्या दमाचं गाणं वाटत होतं. वास्तविक ती रेकॉर्ड १९५८ सालची होती. बाजारात आली तेव्हा ती जवळपास कुणी विकत घेतली नव्हती, तिच्या अपयशानंतर गाणारी मुलं पांगली होती आणि त्यांचा मुख्य गायक सैन्यात भरती झाला होता. मोडलेल्या मंडळीची, विसरलेली रेकॉर्ड अडीच-तीन वर्षांनी देशात तिसरी यावी, असं रॉक अँड रोलच्या त्या धामधुमीच्या काळातही क्वचितच घडत असे.

ते कसं घडलं याची हकिकत कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दप्तरात सापडणार नाही. ती न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या एका गाळ्यात सापडते.

आधी त्या पाच मुलांविषयी. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात ओझोन पार्क नावाची वस्ती आहे. तेव्हा तिथे इटालियन वंशाची कष्टकरी कुटुंबं मोठ्या संख्येने राहत. १९५७ च्या सुमारास या वस्तीतल्या निक सँटामारिया, माइक मिन्सेली, फ्रँक रेना, व्हिनी नार्कार्डो आणि जॉन कॅसेसी या पाच मुलांनी एकत्र गायला सुरुवात केली. निक पुढे निक सँटो या नावाने ओळखला गेला. तो मुख्य गायक. मिन्सेली आणि रेना वरच्या पट्टीतले, नार्कार्डो मधल्या पट्टीतला आणि कॅसेसी खर्जातला. पाच गळे, पाच कामं. वाद्यं विकत घ्यायला पैसे नसले तरी या गाण्याचं काही अडत नसे, कारण वाद्यांची कामंसुद्धा गळ्यांनीच वाटून घेतलेली असत.

या गायकीला 'डू-वॉप' म्हणतात, पण हे नाव नंतर रूढ झालं. ज्या काळात ही मुलं गात होती त्या काळात ते फक्त 'कोपऱ्यावरचं गाणं' होतं, रस्त्याच्या नाक्यावर उभं राहून गायचं. मराठी वाचकाला त्याची कल्पना तराण्यावरून चटकन येईल. तराण्यात 'तोम', 'दानी', 'दिर दिर' या अक्षरांना अर्थ नसतो, पण लय आणि नाद त्यांच्यावरच तोललेले असतात. डू-वॉपमध्येही खर्जातला गायक 'बम', 'डम' अशी अक्षरं घेऊन ताल आणि पाया सांभाळतो, मधले दोघे-तिघे 'ऊ' आणि 'आ'चा गालिचा अंथरतात आणि त्यावरून मुख्य गायक शब्दांनिशी चालत जातो. कधी कधी त्याच्याही डोक्यावरून एक नाजूक, चिरका आवाज तरंगत निघून जातो. चाली बहुधा चारच स्वरमेळांच्या, त्यामुळे वस्तीतल्या कुणालाही दोन दिवसांत जमाव्यात अशा. जमणं सोपं, पण पाच गळे एका श्वासात आणणं अवघड. म्हणून मुलं घुमणाऱ्या जागा शोधत फिरत: जिन्याखालची बोळकंडी, शाळेची स्वच्छतागृहं, भुयारी रेल्वेचे फलाट. फरशीच्या भिंतींवरून परत येणारा आवाज त्यांना स्वतःचं गाणं ऐकवत असे. दुसरा ध्वनिमुद्रक त्यांच्याकडे नव्हता.

ही गायकी मुळात कृष्णवर्णीय अमेरिकी तरुणांची. चर्चमधलं समूहगान आणि चाळीसच्या दशकातले चौकडीचे गायक हा तिचा वारसा. बाल्टिमोरच्या 'ओरिओल्स'नी १९४८ मध्ये तिला वाट करून दिली. मग नावांची लाटच आली. पक्ष्यांची नावं झाली: रेव्हन्स, क्रोज, पेंग्विन्स, फ्लेमिंगोज. मोटारींची झाली: कॅडिलॅक्स, एडसेल्स. १९५६ मध्ये फ्रँकी लायमन या तेरा वर्षांच्या हार्लेममधल्या मुलाने आपल्या सवंगड्यांसह गायलेलं 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' देशभर वाजलं आणि न्यूयॉर्कच्या प्रत्येक गल्लीतल्या पोरांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. इटालियन वस्त्यांनी ही गायकी शेजारून उचलली, रेडिओवरून उचलली आणि मनापासून आपली केली. ब्राँक्समधले 'डिऑन अँड द बेलमॉन्ट्स' १९५८ मध्ये गाजले, तेव्हा क्वीन्समधल्या या पाच जणांनाही संधीची आस लागलेली होती.

ती १९५८ मध्ये मिळाली. 'प्लॅनेट' नावाच्या छोट्या कंपनीने त्यांच्याकडून दोन गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. एका बाजूला 'इंडियन गर्ल', दुसऱ्या बाजूला चंद्राचं गाणं. अल स्ट्रियानो, जो लुचिसानो आणि अल जेंटिली या तिघांच्या नावावर ते लिहिल्याची नोंद आहे. गाणं साधं, जवळजवळ बाळबोध: चांदण्या रात्री सोबत असलेल्या मुलीवर जडलेलं कोवळं प्रेम, बस. पण गायलंय मात्र जीव ओतून. निकच्या आवाजात शिकवलेली सफाई नाही, एक थरथर आहे, आणि मागची साथ किंचित कच्ची असल्यानेच ती शेजारच्या खोलीतून आल्यासारखी जवळची वाटते. शेवटाला तर पाचही जण कमाल करतात. साथ थांबते आणि एकेक गळा पाळीपाळीने शीर्षकाची ओळ उचलतो. सराईत संगीत दिग्दर्शकाने तो शेवट कदाचित छाटला असता. नाक्यावर गाणाऱ्या मुलांना मात्र प्रत्येकाला आपापली ओळ मिळाली पाहिजे, हा न्याय ठाऊक होता.

रेकॉर्ड पडली. छोट्या कंपनीकडे ती शहराबाहेर पोहोचवण्याची साधनं नव्हती, रेडिओवर ती रुजली नाही. त्या वर्षांत न्यूयॉर्कमध्ये अशा रेकॉर्ड ढिगाने निघत. एखादा हौशी मालक दुपारभर ध्वनिमुद्रणाची खोली भाड्याने घेई, काही शे प्रती काढी, निवेदकांच्या पायऱ्या झिजवी, आणि दोन महिन्यांत हात झटकून मोकळा होई. मुलांच्या हाती बहुधा एक-दोन प्रतींपलीकडे काही पडत नसे. कॅप्रीज फुटले, निक सैन्यात गेला. गोष्ट इथेच संपायची.

आता त्या गाळ्याकडे जाऊ.

पन्नासचं दशक संपता संपता अर्विंग रोझ या उंच, किडकिडीत माणसाने टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्थानकातल्या गाळ्यांमध्ये रेकॉर्डचं दुकान थाटलं. त्याला सगळे 'स्लिम' म्हणत. दुकानाचं नाव 'टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स'. सुरुवातीला स्लिमला या संगीतातलं फारसं कळत नव्हतं. गिऱ्हाइकांनीच त्याला शिकवलं. शाळा सुटल्यावर पंधरा-सोळा वर्षांची मुलं तिथे जमत आणि दोन-चार वर्षांपूर्वीच्या, कंपन्यांनी केव्हाच टाकून दिलेल्या रेकॉर्ड मागत. ताज्या गाण्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आपण बारा वर्षांचे असताना मोठ्या भावाच्या खोलीतून ऐकू यायचं ते गाणं त्यांना हवं होतं. स्लिमला यातली मागणी कळली. दुर्मीळ रेकॉर्ड तो भिंतीवर लावू लागला, त्यांच्या किमती लिहू लागला आणि हव्या असलेल्या रेकॉर्डची यादी लावून 'ही आणा, इतके डॉलर देतो' असं जाहीर करू लागला. मुलं मग शहरभर पांगत, धूळ खात पडलेले साठे, ज्यूकबॉक्सवाल्यांची भंगार खोकी, बंद पडणारी दुकानं धुंडाळत. गाळ्याबाहेर गाणी म्हणत उभी राहणारी मुलंही असतच. तिथला घुमारा उत्तम होता.

स्वस्तातली वस्तू छापली गेली, विकली गेली नाही आणि मग तीच दुर्मीळ झाली. संग्राहकांच्या बाजाराचा हा सगळा पाया इथे, जमिनीखाली घातला गेला. जुनी नाणी किंवा तिकिटं जमवणारे लोक असतात, तसे रॉक अँड रोलच्या रेकॉर्ड जमवणारे पहिले लोक ही पोरं होती. संग्राहक म्हटलं की पैसेवाला, पोक्त माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे खिशात सुटे पैसे आणि दप्तरात रेकॉर्ड घेऊन फिरणारी शाळकरी मुलं होती, आणि त्यांचं कानांचं शिक्षण कुठल्याही समीक्षकापेक्षा पक्कं होतं.

कॅप्रीजची रेकॉर्ड अशाच एका वाटेने या गाळ्यात आली. ऐकणाऱ्यांना ती आवडली. स्लिम अ‍ॅलन फ्रेडरिक्स या निवेदकाच्या 'नाइट ट्रेन' या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमाला जाहिरात देत असे आणि दुकानातल्या जुन्या रेकॉर्ड तिथे वाजत. चंद्राचं गाणं वाजलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाळ्यात विचारणा सुरू झाली. प्रती मोजक्या, मागणारे बरेच. दुकानात वावरणारा जेरी ग्रीन नावाचा तरुण त्यातून पुढे आला. त्याने थेट मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्कच मिळवले आणि ती रेकॉर्ड नव्याने छापली. आपल्या नव्या कंपनीचं नाव त्याने ठेवलं 'लॉस्ट-नाइट'. गिऱ्हाइकांच्या बाजूने काउंटरकडे पाहणारा मुलगा एका हंगामात प्रकाशक झाला होता. जुनं संगीत पुन्हा छापण्याचं काम त्याने पुढे आयुष्यभर केलं. 'कलेक्टेबल्स' ही पुनर्मुद्रणासाठी ओळखली जाणारी कंपनी त्याचीच.

मागणी शहराच्या हद्दीबाहेर गेल्यावर छोट्या कंपनीला ती पेलेना. तेव्हा हाय वाइस यांच्या 'ओल्ड टाउन' या अनुभवी कंपनीने गाणं घेतलं, देशभर पोहोचवलं आणि १९६१ च्या सुरुवातीला ते यादीत भराभर वर चढलं. फेब्रुवारीत पहिल्या क्रमांकावर लॉरेन्स वेल्क यांच्या वाद्यवृंदाची 'कॅलकटा' नावाची धून होती, इतका तो हंगाम चमत्कारिक होता. पांगलेले पाच जण पुन्हा एकत्र आले. स्वतःचं तीन वर्षांपूर्वीचं, कुणी न ऐकलेलं गाणं आता हजारोंच्या सभागृहात गाण्याची वेळ त्यांच्यावर आली.

कॅप्रीज एकटे नव्हते. ओहायोमधल्या 'एडसेल्स'चं 'रामा लामा डिंग डाँग' १९५८ मध्ये निघालं, तेव्हा लेबलवर शीर्षकातली अक्षरंसुद्धा उलटसुलट छापली गेली होती. तेही पडलं. १९६१ मध्ये 'मार्सेल्स'चं 'ब्लू मून' अव्वल ठरलं आणि निवेदकांना त्याच्या जोडीला वाजवायला तसंच काही हवं होतं. कुणीतरी एडसेल्सची जुनी रेकॉर्ड काढली आणि ती यादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. 'फाइव्ह सॅटिन्स'चं 'इन द स्टिल ऑफ द नाइट' हे तर याहून बोलकं उदाहरण. फ्रेड पॅरिसने ते सैन्यात पहाऱ्यावर असताना रचलं आणि कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथल्या एका चर्चच्या तळघरात ते ध्वनिमुद्रित झालं. १९५६ मध्ये त्याचा क्रमांक चोविसावा होता. पण ते १९६० मध्ये पुन्हा यादीत आलं आणि १९६१ मध्ये तिसऱ्यांदा आलं. लोक ते सोडायला तयारच नव्हते.

लॉस एंजेलिसमध्ये आर्ट लाबो या निवेदकाने हीच नाडी आधी ओळखली होती. १९५९ मध्ये त्याने काही वर्षांपूर्वीची गाजलेली गाणी एकत्र करून 'ओल्डीज बट गुडीज' नावाची मोठी रेकॉर्ड काढली. ती तीन वर्षांहून अधिक काळ यादीत टिकली. चार-पाच वर्षांपूर्वीच्या गाण्याला 'जुनं' म्हणायचं, हे आज कानाला विचित्र लागतं. पण सतरा वर्षांच्या मुलाची चार वर्षं म्हणजे त्याच्या ऐकण्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा. तेराव्या वर्षी ऐकलेलं गाणं सतराव्या वर्षी त्याच्यासाठी खरोखरच गेलेला जमाना असतो. पहिल्या रॉक अँड रोल पिढीने आठवणींचा उत्सव स्वतः तरुण असतानाच सुरू केला, आणि तो व्यापार पुढे फोफावला.

या सगळ्यामागे तंत्राचाही मोठा हात आहे. आधीच्या रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, लाखेच्या. ती लाख बहुतांश भारतातल्या जंगलांतून जाई. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ती देणगी. दुसऱ्या महायुद्धात आशियातून येणारा पुरवठा धोक्यात आला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले आणि कंपन्या जुन्या रेकॉर्ड परत घेऊन त्यांचा भुगा पुन्हा वापरू लागल्या. किती गाणी त्यात दळली गेली असतील! १९४९ मध्ये 'आरसीए व्हिक्टर' कंपनीने ४५ फेऱ्यांची, व्हिनाइलची छोटी रेकॉर्ड आणली. ती हलकी, स्वस्त, सहजी न फुटणारी. दप्तरात घालून भुयारी रेल्वेने नेता यायची. शाळकरी पोरांचा संग्रह या तबकडीमुळेच शक्य झाला. जुनी लाखेची मात्र हातातून सुटली की संपली.

आणि या गाळ्याच्या इतिहासातली सर्वांत हुरहुर लावणारी गोष्ट अशाच एका लाखेच्या तबकडीची आहे.

क्वीन्समधल्याच जमेका भागात 'फाइव्ह शार्प्स' नावाची कृष्णवर्णीय मुलांची मंडळी होती. १९५२ मध्ये 'ज्युबिली' कंपनीसाठी त्यांनी हॅरल्ड आर्लेन आणि टेड कोलर यांचं १९३३ सालचं प्रसिद्ध गाणं 'स्टॉर्मी वेदर' गायलं. सुरुवातीला मेघगर्जना आणि पावसाचा आवाज घातला होता. रेकॉर्ड विकली गेली नाही, मुलं आपापल्या वाटेने गेली. काही वर्षांनी एका तरुण संग्राहकाला तिची ७८ फेऱ्यांची एक प्रत मिळाली. तो ती स्लिमच्या दुकानात घेऊन आला. स्लिमने रेडिओवर वाजवण्यासाठी ती मागून घेतली. आणि ती फुटली. स्लिमच्या पाळीव रकूनने ती फोडली, अशी दंतकथा संग्राहक आजही एकमेकांना सांगतात.

स्लिमने भिंतीवर बक्षीस लावलं. कुणी आलं नाही. त्याने रक्कम वाढवली. तरी कुणी आलं नाही. कंपनीकडे विचारणा झाली, तर मूळ ध्वनिमुद्रण तिथेही मिळेना. शेवटी १९६४ मध्ये ज्युबिलीने दुसऱ्याच मुलांकडून ते गाणं त्याच नावाखाली गाऊन घेतलं. संग्राहकांनी ती नक्कल घटकेत ओळखली. एका न खपलेल्या रेकॉर्डच्या मागे शेकडो माणसं वर्षानुवर्षं फिरत राहिली आणि त्यातल्या बहुतेकांनी ती कधी ऐकलेलीही नव्हती. सत्तरच्या दशकात कुठे अखेर खऱ्या प्रती हाती आल्या. त्यातली एक १९७७ मध्ये जवळजवळ चार हजार डॉलरना विकली गेली. त्या काळात एका रेकॉर्डसाठी ही रक्कम अचाट होती. गाणं ऐकलं तर ते कॅप्रीजच्या गाण्याइतकं मोहक नाही, संथ आहे, मुलं सुरावर थोडी चाचपडतात. तरीही पावसाच्या त्या खोट्या आवाजातून ती मुलं गाऊ लागतात तेव्हा अंगावर काटा येतो. एका दुपारी त्यांनी जे गायलं ते पुसलं जायला फक्त एक तबकडी फुटणं पुरेसं होतं, ही जाणीव ते ऐकताना सुटत नाही.

कॅप्रीजना १९६१ नंतर तसं यश पुन्हा मिळालं नाही. 'व्हेअर आय फेल इन लव्ह', 'गर्ल इन माय ड्रीम्स' ही पुढची गाणी यादीच्या तळाशी रेंगाळली. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले, गिटारी आल्या आणि नाक्यावरचं गाणं मागे पडलं. पण १९८२ मध्ये 'अँबियंट साउंड' या कंपनीने जुन्या डू-वॉप मंडळींना नव्याने ध्वनिमुद्रणासाठी बोलावलं, तेव्हा कॅप्रीज परतले. निक सँटोने त्यासाठी 'मोर्स कोड ऑफ लव्ह' हे नवं गाणं लिहिलं. जुन्या शैलीत ते इतकं बेमालूम उतरलं, की ऐकणाऱ्या अनेकांना ते पन्नासच्या दशकातलं, कुठेतरी राहून गेलेलं गाणंच वाटलं. दोन वर्षांनी 'मॅनहॅटन ट्रान्सफर' या नामांकित चौकडीने ते आपल्या नावाने गायलं. पहिल्या वेळी जुनी रेकॉर्ड नवी म्हणून गाजली होती. या वेळी नवी रेकॉर्ड जुनी म्हणून लोकांना आवडली.

निकचं ते पहिलं गाणं आज कुणालाही क्षणात ऐकता येतं. डू-वॉपशी ओळख नसलेल्या वाचकाने सुरुवात त्यानेच करावी, शक्यतो रात्री आणि शेवटपर्यंत. तो शेवट चुकवू नये. फाइव्ह शार्प्सचं 'स्टॉर्मी वेदर'ही आता सहज ऐकायला मिळतं. ज्या प्रतीसाठी स्लिमने भिंतीवर सर्वांत मोठं बक्षीस लावलं होतं ती १९५२ सालची ४५ फेऱ्यांची प्रत मात्र आजवर एकाही संग्राहकाला सापडलेली नाही.